देवघरातला टायर

मंडळी, आज माझी लई फजिती झाली. घरात सांगायची सोय न्हाई, म्हणून तुमाला सांगतो.

मी मोटार हाकायला आत्ताच शिकलोय. उतारू वाहायची मोटार जुनी, चारी टायर झिजून गुळगुळीत. माझी ऐपत एकाच नव्या टायरची. तो नगरहून आणला, निजामाच्या नाक्यावर करोडगिरीची जकात भरून.

माझ्या वडलांची, आबांची, हयात बैलगाडीवर गेली. त्यांनी टायरला हळदकुंकू लावलं आन् देवघरात ठिवला. म्हणाले, "दसऱ्याला पूजा झाल्याबिगर मातीला लावायचा न्हाई."

मी जुन्याच टायरांवर मोटार हाकत राहिलो.

आज लिंबागणेशच्या रस्त्यावर पुढचा टायर फाटला. उतारू भाडं परत घिऊन पायी निघाले. मोटार कशीबशी घरापतूर न्यायला मी फाटक्या टायरात गवत कोंबत बसलो. आबा संगंच होते. वाटलं, आता तरी म्हणतील, नवा लाव.

आबांनी टायरची चीर बोटानं चाचपली.

"देवाची कृपा म्हण," ते म्हणाले, "नवा लावला असता तर आज तोच फाटला असता."

मी गवत कोंबत राहिलो. माझ्या जागी तुमी काय बोलला असता? दसऱ्याला अजून लई अवकाश हाय.