बघून सांगते

डॉ. शैलजा वाघधरे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या झाकणाची प्लास्टिकची डबी होती. माझ्या यजमानांचे यकृत बदलून तीन आठवडे झाले होते. नवे यकृत म्हणजे माझ्याच यकृताचा एक भाग. मॅडम खाटेपाशी आल्या, नमस्कार केला आणि शौचाचा नमुना हवा आहे असे म्हणाल्या. यजमान मोरिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते, जिभेला धार होती. ते म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या बाई, आणि मागताय काय!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चांगलं ते सगळं सर्जननी वाटून घेतलं. माझ्या वाट्याला हेच उरलं."

ऑपरेशननंतर यजमान त्या दिवशी प्रथम हसले, टाक्यांवर हात धरून.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या संशोधनाबद्दल या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे वाचले ते वाचनालयातून आणून, स्वयंपाक उरकल्यावर. म्हणून मला समजले तेवढेच लिहिते. यकृत बदलल्यावर काही रुग्णांची पित्ताची नळी जोडाच्या जागी आवळते किंवा गळते. पित्त अडते, थंडी वाजून ताप येतो, नळी उघडी राहावी म्हणून आत स्टेंट घालावा लागतो. अशा रुग्णांच्या आतड्यातले जंतू कसे बदलतात, याचा मॅडम कित्येक वर्षे अभ्यास करत आहेत. जंतू बदलतात म्हणून नळी बिघडते का, असे मी एकदा विचारले. त्यांनी मला वालधुनी नदीचे उदाहरण दिले. "पाणी तुंबलं की काठावरचं गवत बदलतं. कुठे कुठे गवत माजल्यामुळेही पाणी तुंबतं. आपल्या रुग्णांत आधी काय होतं, ते मला अजून माहीत नाही." इतक्या मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते.

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या रुग्णांना डबी घेऊन मुंबई गाठावी लागू नये, म्हणून मॅडम दर रविवारी अंबरनाथ पूर्वेला एका ओळखीच्या दवाखान्यात बर्फाची पेटी घेऊन बसत. यजमानांची डबी मीही तिथेच नेऊन देई. उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले सेठ डबी टेबलावर ठेवताना दर वेळी म्हणत, "मॅडम, ताजा माल. रिटर्न नहीं लूँगा." मॅडम त्यांना पावती दिल्यासारखी मान डोलावत. संमतिपत्रात 'आतड्यातील सूक्ष्मजीव समुदाय' असे शब्द होते. सोनिवलीहून आलेल्या एका आजींनी ते नातवाकडून वाचून घेतले आणि म्हणाल्या, "समुदाय इचारतान? आमी आगरी, लिवा." सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. चूक कागदाची आहे, असे म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि तुम्ही कसे लिहाल, असे विचारले. मी 'पोटातल्या जंतूंची वस्ती' असे लिहिले. पुढच्या रविवारी छापून आलेल्या कागदावर तेच शब्द होते.

सहाव्या महिन्यात यजमानांची नळी आवळली. स्टेंट घातला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने बाहेरचे, न उकळलेले, घरी आंबवलेले काही द्यायचे नाही, हे मला पाठ होते. पण उकडलेल्या भाज्यांनी त्यांचे तोंड विटले होते. एका दुपारी ते म्हणाले, "अगं, सगळं तुझंच घातलंयस माझ्यात, आता ताकाचं काय घेऊन बसलीस?" मी अर्धा पेला ताक दिले. आठ दिवसांनी ताप आला. चार महिने रुग्णालयाच्या फेऱ्या झाल्या आणि ते गेले.

ताकाचे मी कुणाला सांगितले नाही. मुलीलाही नाही. घरात पुन्हा दही लावले नाही. दोन महिन्यांनी उरलेल्या रिकाम्या डब्या परत द्यायला मॅडमकडे गेले आणि तिथे तोंडून निघून गेले, "मॅडम, मी त्यांना घरचं ताक दिलं होतं. माझ्यामुळे गेले का ते?"

दुसरे कुणीही 'छे हो, असं मनात आणू नका' म्हणाले असते. मॅडमनी माझ्या हातातल्या डब्या घेऊन टेबलावर ठेवल्या. मग म्हणाल्या, "आत्ता काही बोलत नाही. बघून सांगते. ते विरजण आहे का कुठे?"

शेजारच्या कुलकर्णीवहिनी वर्षानुवर्षे माझेच विरजण नेत. त्यांच्याकडून वाटीभर आणून दिले. त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते लिहीत नाही.

मॅडमनी फोन केला नाही. स्वतः घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या पित्तात आणि रक्तात जे जंतू सापडले, ते ताकाच्या आधी तुम्ही दिलेल्या दोन्ही डब्यांत भरपूर होते. तुमच्या विरजणात मिळाले नाहीत. पण हे विरजण आजचं आहे, तेव्हाचं नाही, म्हणून त्यावर मी भर देत नाही. डब्यांवर देते. ताकामुळे ते गेले असं मला दिसत नाही." त्यांनी पुढे सांगितले, "तरी ताक द्यायला नको होतं. हे दुसऱ्यांना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

मला त्या शेवटच्या बोलण्याने धीर आला. त्यांनी ते गिळले असते तर आधीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला नसता. त्या संध्याकाळी मी दूध विरजले. तेव्हापासून रविवारी मी त्यांच्या टेबलाशेजारी बसते आणि नव्या रुग्णांच्या बायकांना अर्ध्या पेल्याची गोष्ट सांगते.

मॅडम, गवत आधी की पाणी, याचे उत्तर तुमच्याकडून यायचे आहे. त्यासाठी मोठे आयुष्य हवे, आणि ते धडधाकट हवे, बर्फाची पेटी उचलता येईल असे. तुम्ही शंभर वर्षे जगाल असे लिहिणार होते. पण न तपासता बोलण्याची माझी सवय तुम्हीच मोडलीत. म्हणून एवढेच मागते: जगा, आणि बघून सांगा.