पिकाकडं पाठ करून पाणी पिणारा

चौसाळ्याजवळच्या सरकारी संशोधन शेतावर मी खुरपायला जायची, तेव्हाचा तिथला हा माणूस. ज्वारीचे नवे वाण तपासायचा, एकेका वाणाची एकेक ओळ लावून. विहिरीला पाणी असून त्या ओळींना थेंब द्यायचा नाही. दुष्काळात कोणती तगते, तेच त्याला बघायचं होतं. स्वतः मात्र पाणी प्यायचा ते पिकाकडं पाठ करून. "त्यांना कोरडं ठेवून त्यांच्यासमोर कसं पिऊ, वैनी?" म्हणायचा.

एका साली मला बाई राहवलं नाही. वाळत चाललेल्या एका ओळीला मी चोरून रोज घागर घातली. तर तीच हिरवीगार उभी राहिली की!

मग कळलं, उद्या मोठे साहेब येणार. इतक्या वर्षांच्या खर्चातून काय निघालं ते बघणार, काही नसलं तर शेत बंद. तगलेल्या ओळीचं बी पुढं सोसायटी गावोगाव वाटणार. खुरपं तिथंच टाकलं नि त्याला सगळं सांगितलं.

तो ओरडला नाही, त्याचंच मला लई भ्या वाटलं. "हे बी वाटलं असतं तर अख्खं शिवार जळालं असतं, वैनी," एवढंच बोलला आणि ती हिरवी ओळ मुळासकट उपटली.

दुसऱ्या दिवशी करपलेलं रान बघून साहेबांनी विचारलं, "काय निघालं मग?"

त्यानं एक अर्धी वाळलेली ओळ दाखवली. कणसं बारकी, पण दाणा भरलेला. "एवढंच हाय साहेब. पण खरं हाय."

साहेब गाडीत बसून निघून गेले. मी त्याला तांब्या दिला. त्यानं पिकाकडं पाठ केली, पण तोंडाकडं नेता नेता पाणी सगळं सदऱ्यावरच सांडलं.