आक्कानं निवडलेलं ऑपरेशन

माझी थोरली बहीण पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत राहते. मी महाडला शिक्षक. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून आक्का बरगडीवर पडली, म्हणून महाडला छातीचा स्कॅन केला. बरगडी शाबूत होती, पण उजव्या फुप्फुसात लहानशी गाठ दिसली. तिचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे. तो तिला तिकडे घेऊन गेला, मीही सोबत गेलो. तपासणीत कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा.

सर्जनबाईंनी दोन पर्याय सांगितले. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात. त्यातला गाठीचा अख्खा भाग काढायचा, किंवा गाठीभोवतीचा तेवढाच तुकडा. दोन्ही दुर्बिणीनं होण्यासारखं होतं.

"अख्खा भाग काढा," भाचा आणि मी एकदमच म्हणालो.

आक्कानं माझा हात धरला होता. तिची बोटं गार पडली होती, पण तिनं शांतपणे विचारलं, "तुकडाच काढला तर काय वाईट व्हईल?"

"पुन्हा तिथंच उगवायची थोडी भीती राहते," बाई म्हणाल्या. "पण गाठ लहान आहे, कडेला आहे. आणि चुलीच्या धुरानं तुमची छाती आधीच थकलीय, मावशी."

"आनि अख्खा काढला तर मी डोंगर चढंन?"

"चढाल, पण दम लागेल. किती, ते आज सांगता येणार नाही."

"मंग तुकडाच काढा. पन आत काय वंगाळ दिसलं, तर माझ्या उठायची वाट बघू नका. अख्खा काढा."

"आम्हीही तसंच करतो," बाई म्हणाल्या. "कॅन्सर पसरलाय का, हे कळायला शेजारच्या ग्रंथी ऑपरेशन चालू असतानाच तपासून घेतो."

बाहेर आल्यावर भाचा रडकुंडीला आला. "आई, जिवाशी खेळ नको गं."

"खेळ नाय रे. इचारून-समजून घेतलंय मी," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या बाकावर आजारी कोण, हे परक्याला ओळखता आलं नसतं.

ग्रंथी साफ निघाल्या. तुकड्यावर भागलं. यंदा तिनं उतारावरची नाचणी स्वतः लावली, मध्ये मध्ये बांधावर टेकत. ठरल्या मुदतीनं ती स्कॅनला मुंबईला जाते. आदल्या दिवशी तिला जेवण जात नाही, आणि ते ती लपवतही नाही. सकाळी मात्र पिशवी घेऊन महाडच्या स्टँडवर माझ्या आधी हजर असते.