मरणाचं गणित ओट्यावर

आमच्या उमरीत कुणाला ‘ॲक्च्युअरी’ म्हणता येत नाही. मलाही बारावीपर्यंत येत नव्हतं. डॉक्टर करायचं म्हणून मला दोन वर्षं लातूरला टाकलं होतं. नीटमध्ये मी सपशेल आपटले आणि नांदेडला बी.एस्सी.ला गणित घेतलं. तिथल्या सरांनी एकदा सहज सांगितलं, की विमा कंपन्यांना हिशेब करून देणारी माणसं असतात, कुठल्या वयाची किती माणसं जगतील, किती जातील याचा ती अंदाज बांधतात, आणि त्यासाठीच्या परीक्षा गणितवाल्यांना देता येतात. सरांनी स्वतः जन्मात एकही ॲक्च्युअरी पाहिला नव्हता. पण मी हट्टालाच पेटले. लातूरहून हात हलवत आलेली पोरगी म्हणून गावभर झालेलं नाव मला पुसायचं होतं.

घरी सांगितलं, तर ‘पोरगी विम्याचं शिकती’ एवढंच सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. शेजारचे काका गाठून विचारायचे, “काय बाई, पीकविमा कधी पडणार?”

“मला काय माहीत, काका?”

“मंग काय शिकून राहिली तू?”

पप्पा मात्र लई खूश. ते शाळेत मराठीचे मास्तर, गणिताशी जन्माचं वाकडं, त्यामुळं मी मांडलेलं काहीही त्यांना भारी वाटायचं. शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत मी मधल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, तर आले डोकवायला. मी सांगितलं, हे मृत्यूचं कोष्टक. अमुक वयाच्या हजारांमधले वर्षभरात किती जातात ते यात असतं. आणि इथं माणूस म्हणत नाहीत, जीव म्हणतात. अमुक वयाचा एक जीव.

“मंग माझा जीव काढ की!” पप्पा म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसत सुटले.

मी त्यांच्या वयाच्या ओळीवर बोट ठेवलं. हजारात अगदी मोजके. “काही होत न्हाई तुम्हाला,” मी म्हटलं. तेवढ्यात आई चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच बाहेर आली.

“तोंड आवर गं! सणासुदीचं घरात बसून बापाचं मरण मांडती. वास्तू तथास्तु म्हणत असती, कळत न्हाई का?”

“अगं, तिनं जगायचंच सांगितलं की,” पप्पा म्हणाले. “वास्तूला म्हणावं, नीट ऐक.”

पप्पा मार्चमध्ये गेले. शाळेतून आले, पाणी मागितलं आणि छातीला हात लावून खाली बसले. गाडी करून नांदेडला निघालो, पण मुदखेडच्या अलीकडंच सगळं संपलं.

आई मला एका अक्षरानं बोलली नाही. बोलली आत्या, तेराव्याला, भरल्या घरात. “पोरीनं बापाचं गणित मांडलं होतं म्हणं.” आईनंच सांगितलं असणार, त्या दिवशी दुसरं होतंच कोण तिथं? मला असा संताप आला, की समोरचं ताट भिरकावून द्यावं. अहो, कोष्टक चुकलं नव्हतं! मोजके म्हणजे कुणीच नाही असं नसतं, ते मोजके कुणाच्या तरी घरचे असतातच. हे मी पेपरात झ्याक लिहिलं असतं. आईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

उन्हाळ्यानंतर माझा ॲक्च्युअरीचा पहिला पेपर होता. तो निघाला तर पुढं वाट होती, नाहीतर उमरीत शिकवण्या घेत बसायचं. आई म्हणाली, “वाच. पर घरात नगं.” म्हणून मी उंबऱ्याबाहेर, ओट्यावर बसायला लागले. सकाळ सरली की पत्र्याची सावली सरकायची आणि मी भिंतीला चिकटायची. येणारे-जाणारे विचारायचे, “का बाई, घरात पंखा न्हाई का?” आई आतून ऐकायची आणि भांडी जोरात आपटायची. पुस्तकातल्या दर गणितात एक जीव असायचा, आणि पप्पांचं वय आलं की माझं डोकं चालायचंच बंद व्हायचं. पुस्तक फाडून नाल्यात टाकावं वाटायचं. वीट आला होता मला, स्वतःचाच.

एका दुपारी आई बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. आम्हाला कधी तिथं टेकू न देणारी आई.

“बायकांचं पण असतं का गं त्यात?”

“असतं.”

“मंग माझं मांड.”

मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

“हितं नगं,” ती म्हणाली. “आत ये. घरात बसून मांड.”

मला कळायला जरा वेळ लागला. इतके दिवस मला वाटत होतं, ही मला दोष देते. दोष कसला! पप्पांना लागलेलं तेच तथास्तु तिला स्वतःसाठी पाहिजे होतं, आणि ते माझ्या हातून मिळेल अशी तिची खात्री होती. माझ्या गणितावर एवढा भरवसा आजवर कुणी ठेवला नव्हता.

“बायकांचं कोष्टक अजून शिकवलं न्हाई आम्हाला,” मी म्हटलं.

साफ खोटं. ते पुढच्याच पानावर होतं, तिच्या वयाची ओळ मला पाठ होती. बायका जास्त जगतात. त्या ओळीप्रमाणं आईपुढं अजून लई वर्षं होती, सगळी पप्पांशिवायची.

“शिकवलं की सांग,” ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

तो पेपर मी दिला नाही. पुढचाही नाही. आता मी गल्लीतल्या पोरांना दहावीचं गणित शिकवते, घरातच, पंख्याखाली. पोरं गेली की आई अजूनही मधूनच विचारते, “शिकवलं का गं ते?”