गाडीला हात लावायचा नाही

पाण्याचे जार पोचवणाऱ्या धाकट्याला जगात एकाच गोष्टीचा गर्व होता: त्याची जुनी पिकअप. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, काच अर्ध्यावर अडायची, पण इंजिन कसं ठणठणीत. निदान त्याची तरी तशी समजूत होती.

शेजारच्या दोन खोल्यांत त्याचा थोरला भाऊ राहायचा. अंगण एकच, घरांच्या मधे फक्त भिंत. गाडी मुळात थोरल्याचीच. पाठ धरायला लागली तेव्हा त्याने किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली. पुढे एकदा गाडीखाली ओल बघून तो म्हणाला, "रेडिएटर गळतोय. कूलंट संपलं तर इंजिन जळेल. आधी ते काम करून घे." नेमकी समोर गिऱ्हाइकं उभी होती. चारचौघांत आपली शोभा झाली असं धाकट्याला वाटलं.

"गाडी आता माझी आहे," तो म्हणाला, "पुन्हा हात लावायचा नाही."

थोरला घरात निघून गेला. त्यानंतर चार वर्षं दोघांत अबोला होता.

रेडिएटर काही बदलला गेला नाही, आणि गाडीही काही बंद पडली नाही. त्याचा धाकट्याला कोण आनंद! सकाळी गाडी सुरू केली की भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणायचा, "कुठे काय झालंय? मस्त चाललीय." माणसाने इतकं खुळं असू नये, पण तो होता.

हिवाळा सरता सरता थोरला दवाखान्यात पडला. आज जाऊ, उद्या जाऊ करत धाकटा गेलाच नाही. शेवटी गेला तो सरळ अंत्यविधीला, आणि तिथेही परक्यासारखा मागे उभा राहिला.

पुढे महिनाभरातच, ऊन तापू लागलं तेव्हा, जारांनी भरलेली गाडी पुलाचा चढ चढत असताना तापमानाचा काटा लाल रेघेपलीकडे गेला. काटाच बिघडला असेल, म्हणून धाकट्याने गाडी तशीच दामटली. बॉनेटखालून वाफ आली, काहीतरी करकरलं आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. पाठीवर एवढं पाणी, आणि पोटात थेंब नाही.

मेकॅनिकने इंजिन उघडून पाहिलं. "हेड वाकलंय, पिस्टन चिकटलेत. यात आता जीव नाही, भाऊ." मग रेडिएटरवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "कूलंट कोण भरत होतं?"

"कोणी नाही."

"असं कसं? गळती वर्षानुवर्षांची दिसतेय. कोणी सारखं भरत राहिलं नसतं, तर ही केव्हाच बसली असती. हल्लीच भरायचं थांबलंय."

गाडी तिथेच सोडून धाकटा तडक वहिनीच्या दारात गेला.

वहिनी भांडी पुसत होती. त्याने विचारलं, तशी तिने दारामागून एक कॅन काढला. तळाशी थोडं हिरवं कूलंट होतं, तोंडावर उलटं घातलेलं नरसाळं.

"इंजिन गार असतानाच झाकण उघडता येतं ना, म्हणून हे पहाटे उठायचे. मी म्हणायची, पाठ दुखतेय तर कशाला वाकता? तर म्हणायचे, 'त्याला सांगू नकोस. कळलं तर हट्टाने भरू द्यायचा नाही, आणि कुठल्यातरी चढावर अडकून बसेल.' दवाखान्यातसुद्धा रोज विचारायचे, सकाळी गाडीचा आवाज आला का."

"वहिनी, नंतर तरी मला सांगायचंत."

"तुम्ही या दारात आलात कधी, भाऊजी?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

कॅन घेऊन तो अंगणात आला. गाडीची जागा मोकळी होती आणि फरशीवर हिरवट डाग होते, एकावर एक पडलेले. इतकी वर्षं तो त्यांच्यावरूनच ये-जा करत होता. तो तिथेच खाली बसला, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादा, तुझंच खरं होतं रे."

पलीकडे ऐकायला आता एकटी वहिनी होती.