फातिहा दिली, औषध गेलं

समरकंदच्या आमच्या गल्लीत झुल्खुमोर आपा दिसल्या की पोरं नाक धरायची. विद्यापीठात औषधशास्त्र शिकवणारी बाई, पण अंगाला वास हिंगाचा! डोंगरातून हिंगाच्या झाडाची मुळं आणायच्या आणि त्यांचा अर्क काढायच्या. सशाच्या आतड्याची पट्टी कोमट पाण्यात टांगायची, ती आवळायला लागली की अर्काचा थेंब सोडायचा. आतडं सैल पडलं की आपा नव्या नवरीसारख्या लाजायच्या.

"आपा, लग्न सशाच्या आतड्याशीच लावलंत!" मी म्हणायचे.

"ते निदान उलट बोलत नाही गं."

केस पिकेपर्यंत त्यांचा एकच ध्यास होता. पोटातल्या कळांवर त्या मुळाचं औषध निघावं, आणि त्यावर आपलं नाव असावं.

अस्कराली हा त्यांचा लाडका विद्यार्थी. अर्क काढायला त्यांच्याच हाताखाली शिकला, जेवायला त्यांच्याच घरी. त्याला राजधानीतल्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आपांनी गल्लीला पुलाव घातला. जुन्या रीतीनं तो गुडघे टेकून बसला आणि आपांनी दोन्ही तळवे उघडून त्याला फातिहा दिली. आमच्याकडे कुंभार, लोहार असाच आशीर्वाद देऊन शिष्याला मोकळं करतात. मग उस्तादाची कला घेऊन तो आपलं दुकान थाटतो. विद्यापीठातल्या बाईला हे कुठून सुचलं, देव जाणे. मटण झकास होतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

पुढच्या वसंतात औषध बाजारात आलं. शोध लावणारा अस्कराली. आपांचं नाव कुठेच नाही.

ईदला तो केक घेऊन आला. आम्ही शेजारणी आपांच्या घरी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती आधीच जागा धरून बसलो होतो. असा तमाशा कोण सोडतं?

"अस्कर, माझं नाव कुठाय?" आपांनी सरळच विचारलं.

"उस्ताद, फातिहा तुम्हीच दिलीत ना? ह्या सगळ्या खाला साक्षीला आहेत. कुंभार कधी मडक्यावर उस्तादाचं नाव घालतो का?"

"मडकं तरी त्यानं स्वतः घडवलेलं असतं, बाळा," मी म्हटलं. "तू तर भट्टीतून भाजलेलंच उचललंस!"

सगळ्या हसल्या. पण कुंभाराघरची म्हातारी सोलिहा खाला हसली नाही. "दिलेली फातिहा परत घेता येत नाही, लेकी," ती आपांना म्हणाली. मेलं, तेही खरंच होतं.

आपांनी किटली उचलली. आमच्यात मानाच्या पाहुण्याला पेल्यात घोटभरच चहा ओततात, म्हणजे त्यानं पुन्हा पुन्हा मागावा. पेला काठोकाठ भरला तर अर्थ एकच: प्या आणि निघा. आपांनी इतका भरला की चहा दस्तरखानावर सांडला. अस्करालीचे कान लाल झाले. तोंड भाजत प्यायला आणि उठला.

हल्ली ते औषध अभ्यासक्रमात आहे, आपाच शिकवतात. परीक्षेत 'हा शोध कुणाचा' असा प्रश्न येतो, पोरं अस्करालीचं नाव लिहितात आणि आपा पूर्ण गुण देतात.

"उत्तर बरोबर आहे ना गं," त्या म्हणतात. मग पुढचा पेपर तपासायला घेतात.