मास्तरांच्या फियाटचा मूळ रंग

जुन्या गाडीचा रंग जुळवायचा तर लेतेब्रहानकडे, हे आमच्या अस्मारा शहरात कोणीही सांगेल. तीस वर्षं ती नुसत्या नजरेवर रंग बनवतेय. त्या सकाळी निवृत्त शिक्षक हब्तेझगी आपली जुनी, छोटी ‘फियाट सहाशे’ गाडी घेऊन आले, सोबत बायको त्सेगेवैनी. गाडी आता विटकरी होती.

"लग्नाला पन्नास वर्षं होतायत. हिच्यातूनच वरात निघाली होती," मास्तर म्हणाले. "तेव्हासारखी कर. निळी."

"हिरवी," त्सेगेवैनीबाई म्हणाल्या.

"पन्नास वर्षं हेच ऐकतोय."

"तुम्ही दोघं कॉफी घ्या," लेतेब्रहान म्हणाली. "मी गाडीलाच विचारते."

तिनं दाराचं आतलं अस्तर उचकटलं. तिथं ऊन कधी पोचलेलंच नव्हतं. ओलं फडकं फिरवलं आणि धुळीखालून रंग वर आला. सोललेल्या पिस्त्यासारखा हिरवा, कालच लावल्यासारखा.

बाईंनी कपबशी खाली ठेवली आणि मास्तरांकडे नुसतं बघितलं.

"त्या दिवशी मी गाडीकडे कशाला बघू? तुझ्याकडेच बघत होतो," मास्तर पुटपुटले.

"म्हणूनच गाडी चर्चच्या भिंतीला ठोकलीत."

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग रंग जुळवणं सुरू झालं. ओला रंग फसवतो, वाळला की गडद होतो. म्हणून लेतेब्रहान पत्र्याच्या पट्टीला रंग लावायची, उन्हात वाळवायची, दाराला टेकवायची, मान हलवायची. सहा पट्ट्या फुकट गेल्या. चौथ्या दिवशी सातव्या डब्यात तिनं पिवळ्याचा एकच थेंब सोडला. ती पट्टी दाराला लावली आणि दिसेनाशीच झाली. कडा बोटानं चाचपावी लागली. बावन्न वर्षांची लेतेब्रहान आमच्याकडच्या नाचात हलवतात तसे खांदे हलवत गाडीभोवती गोल गोल नाचली, आणि शेजारचा टायरवालाही तिच्या मागोमाग नाचू लागला.

गाडी रंगली. अस्तरामागचा तुकडा मात्र तिनं तसाच ठेवला. "हा कारखान्याचा. याला मी हात लावणार नाही."

संध्याकाळी लोक फिरायला बाहेर पडले होते. मास्तर चालवत होते, बाई शेजारी, रंगलेल्या हातांची लेतेब्रहान मागे. कॉफीखान्यांतून माणसं उठून हात हलवत होती.

"झाली की चौकाची फेरी, आता वळा घरी," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा चौकालाच वळसा घातला. तिसऱ्या फेरीला त्सेगेवैनीबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन अनोळखी माणसांना सांगत होत्या, "हिरवी आहे. नीट बघा, हिरवी."